चहातले थेंब आणि मामांचा रुसवा

जुळे सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

"माझे सासरे (त्यांना मी मामा म्हणते) ७१ वर्षांचे. गिरणीत जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं यंत्रमाग दुरुस्तीची कामं केली. मधुमेह ११ वर्षांपासून. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. डॉक्टर, मुलगा, आत्या (माझ्या सासूबाई) सगळ्यांचं सांगून झालं. शेवटी आत्या आणि मी ठरवून त्यांच्या चहात साखरेऐवजी कृत्रिम गोडीच्या गोळ्या टाकायला लागलो. आधी ॲस्पार्टेमच्या होत्या, मग सुक्रालोजच्या थेंबांची बाटली आणली. मामांना सांगितलं नाही. आठ महिने त्यांना कळलं नाही, आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.६ वरून ७.७ वर आलं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी नणंदबाई आल्या. त्यांनी ओट्यावरची बाटली पाहिली आणि मोबाइलवर आलेला संदेश सगळ्यांसमोर वाचला : 'माणसाच्या शरीरात हे पचवणारं एन्झाइमच नाही, म्हणून ते यकृतात साठतं आणि त्याचं विष होतं.' तेव्हापासून मामा घरचा चहा पीत नाहीत. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पूर्ण साखरेचा पितात आणि शेजारीपाजारी सांगतात, सुनेनं मला आठ महिने विष घातलं. नवरा म्हणतो, गूळ वापरू, नैसर्गिक असतो. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणतो, सोबत एन्झाइमच्या गोळ्या द्या, म्हणजे पचेल. शेजारीण म्हणते स्टीव्हिया आणा. मी खरंच त्यांना विष दिलं का? आता काय करू? आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा डाएट कोला मागतो, तो द्यावा का?"

ताई,

पहिलं उत्तर आधी. नाही, तुम्ही विष दिलेलं नाही. त्या थेंबांमुळे मामांच्या यकृतात काही साठून राहिलेलं नाही. पण तुमचं काहीच चुकलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. चूक वेगळ्याच ठिकाणी झालीय आणि तिकडे अजून घरात कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. त्यावर येतेच. तोवर त्या संदेशाचा समाचार घेऊ.

त्यातलं पहिलं वाक्य सुक्रालोजपुरतं खरंच आहे. ते मोडू शकणारं पाचक एन्झाइम, म्हणजे अन्नाचे रेणू तोडणारं शरीराचं हत्यार, माणसाकडे नाही. घोळ आहे तो पुढच्या 'म्हणून'मध्ये. जे मोडत नाही ते साठतं, हे परस्पर गृहीत धरलंय. नणंदबाईंनी ते मानलं, एन्झाइमच्या गोळ्या सुचवणाऱ्या मुलानं मानलं आणि पत्रावरून वाटतं, तुम्हीही मानलंत.

साखरेचं काय होतं ते पाहा. साखर म्हणजे सुक्रोज. लहान आतड्याच्या अस्तरावर सुक्रेज नावाचं एन्झाइम असतं, ते तिचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात जातं आणि मामांच्या रिपोर्टवर दिसतं. सुक्रालोज याच साखरेपासून बनवतात. तिच्या रेणूवरचे तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीनचे तीन अणू बसवले जातात. जिभेला ते साखरेच्या ६००पट गोड लागतं, पण सुक्रेजच्या पकडीत बसत नाही. मामा जॉबर होते, त्यांना हे तुमच्याआधी कळेल : दहाचा पाना बाराच्या नटावर चढत नाही, नट तसाच राहतो. पोटात गेलेल्या सुक्रालोजपैकी साधारण ८५ टक्के रक्तात न जाताच शौचावाटे बाहेर पडतं. उरलेलं १५ टक्क्यांच्या आसपास रक्तात शिरतं आणि बहुतेक जसंच्या तसं लघवीतून निघून जातं. त्यातल्या अगदी थोड्या भागाला शरीर ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देतं, आणि तोही लघवीवाटेच जातो. सारा खेळ काही दिवसांत संपतो.

(या सुक्रालोजच्या शोधात एक मराठी आडनाव आहे, हे मामांना जरूर सांगा. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस काम करत होते. त्यांना नमुना तपासायला सांगितला होता. त्यांनी इंग्रजी 'test'च्या जागी 'taste', म्हणजे 'चाखायला', ऐकलं आणि खरोखर चाखला. प्रयोगशाळेत असलं काही करू नये, पण गोडवा कळला तो असा.)

आता आधीच्या गोळ्या. ॲस्पार्टेमची गोष्ट नेमकी उलटी आहे आणि म्हणूनच तो संदेश लिहिणाऱ्याला ती अडचणीची ठरली असती. ॲस्पार्टेम आपण पुरतं मोडतो. आतड्यातली एस्टरेज आणि पेप्टिडेज प्रकारची एन्झाइम त्याचे तीन भाग करतात : ॲस्पार्टिक आम्ल, फिनाइलॲलनिन आणि थोडं मिथेनॉल. अख्खं ॲस्पार्टेम रक्तापर्यंत पोचतच नाही. पहिले दोन भाग म्हणजे अमिनो आम्लं, डाळीत, दुधात, शेंगदाण्यात असतात तीच. मामांच्या पाच कपांचा गोडवा पूर्णपणे ॲस्पार्टेमनं भरून काढायचा तर दिवसाला साधारण २२५ मिलिग्रॅम लागेल आणि त्यातलं फिनाइलॲलनिन सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. कडक भाकरीसोबत मोठा चमचाभर शेंगाचटणी घेतली की जवळपास तेवढंच पोटात जातं. सोलापूरच्या घरात एका चमच्यावर कोण थांबतं?

राहिलं मिथेनॉल. हातभट्टीच्या दारूनं माणसं दगावली, डोळे गेले, अशा बातम्यांत जे नाव येतं तेच हे, त्यामुळे दचकायला होतं. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज त्याचं फॉर्मल्डिहाइड करतं, पुढचं एन्झाइम त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि फोलेट या जीवनसत्त्वाच्या मदतीनं शेवटी त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. मात्रा मोठी असली की ही साखळी फॉर्मिक आम्लापाशी तुंबते, आणि घात होतो तो तिथे. इथे गंमत बघा : मिथेनॉल खरं घातक होतं ते एन्झाइमनं मोडल्यावर. म्हणजे 'शरीर मोडू शकतं' हेसुद्धा सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. मात्रेचं म्हणाल, तर ॲस्पार्टेमच्या वजनाचा दहावा भाग मिथेनॉल होतो, म्हणजे मामांच्या दिवसभराच्या चहात जेमतेम २० ते २५ मिलिग्रॅम. टोमॅटोच्या आणि फळांच्या रसातही मिथेनॉल असतंच. विषबाधा होते ती ग्रॅमांच्या हिशेबात.

आता 'एन्झाइम नाही म्हणजे विष' हा नियम घटकाभर खरा मानू. तर मग ज्वारीच्या कोंड्याचं काय करायचं? सेल्युलोज मोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. मालदांडीच्या भाकरीतला तंतुमय भाग आपल्या एका एन्झाइमला दाद देत नाही, आणि त्याच भागासाठी डॉक्टर मामांना भाकरी खा म्हणतात. मेथीच्या काड्या, पेरूची साल, सगळं याच यादीत. शरीरात जे येतं ते मोडावं किंवा साठवावं असे दोनच मार्ग नसतात. तिसरा, बाहेर टाकण्याचा, रोज सकाळी वापरात असतो.

शेजारणीच्या स्टीव्हियाचंही इथेच पाहू. त्या पानांतले गोड पदार्थ, स्टीव्हिओल ग्लायकोसाइड, आपलं एकही पाचक एन्झाइम मोडत नाही. ते आख्खे मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावरचं ग्लुकोज उतरवतात, उरलेलं स्टीव्हिओल रक्तात शिरून यकृतात जातं, तिथे त्याला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड मिळते आणि ते लघवीतून बाहेर पडतं. म्हणजे संदेशातला आरोप सुक्रालोजवर लागत असेल तर स्टीव्हियावरही लागतो, वर यकृताचा मुक्कामही त्याच्याच वाट्याला. तरी स्टीव्हिया वाईट नाही. फक्त पान हिरवं आहे म्हणून त्याला वेगळा न्याय नको. सॅकरीन आणि ॲसिसल्फेम-के ही दोन नावं लेबलवर दिसली तर, तीही न मोडता लघवीतून जातात.

एवढी बाजू घेतली म्हणून ही कृत्रिम गोडी अमृत आहे, असं नाही. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटनं २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. ठरलेल्या मर्यादेच्या आतच, दोन आठवडे, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी गोडी दिली. सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांपैकी काहींची साखर हाताळण्याची क्षमता थोडी बिघडली, आणि त्याचा संबंध आतड्यातल्या जिवाणूंशी दिसला. सगळ्यांची मात्र नाही बिघडली. म्हणजे आपलं एन्झाइम ज्याला हात लावत नाही, त्याचा आपल्या जिवाणूंशी काही व्यवहार होऊ शकतो, आणि तो माणसागणिक वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करण्यासाठी ही गोडी वापरू नये. पण ती शिफारस ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नाही, आणि फिरत्या संदेशांत नेमकं हेच वाक्य गळतं. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकलं. पुरावा मर्यादित आहे, असा त्या गटाचा अर्थ. खाण्यातल्या रसायनांची मात्रा ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीनं त्याच वेळी आपली मर्यादा कायम ठेवली : दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. सुक्रालोजसाठी तीच समिती १५ मिलिग्रॅम सांगते. मामांचं वजन ६० किलो धरलं तर सुक्रालोजची मर्यादा ९०० मिलिग्रॅम होते. पाच कपांना लागतात ७५ च्या आसपास.

याच्यासमोर ठेवायची ती साखर. पाच कपांत दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, म्हणजे धडधाकट माणसालाही ५० ग्रॅमच्या आत, आणि २५ वर आणली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मामांचा नुसता चहाच ती वेस गाठतो. ११ वर्षांच्या मधुमेहाला ही साखर थांबणं फायद्याचंच होतं. फक्त एचबीए१सी उतरण्याचं सगळं श्रेय थेंबांना देऊ नका. मधल्या काळात गोळ्या बदलल्या होत्या का, चालणं वाढलं होतं का, हे तुमच्या पत्रात नाही.

आता तुमची चूक. मला चिंता रसायनाची नाही, न सांगण्याची आहे, आणि ती भावनेपुरती नाही, वैद्यकीय आहे. मधुमेहाच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन, साखर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. जुन्या मधुमेहींना हे ठाऊक असतं आणि ते काय करतात? चटकन गोड चहा मागतात. समजा, या आठ महिन्यांत एखाद्या दुपारी मामांना असं झालं असतं. त्यांनी हक्कानं "दोन चमचे घालून चहा दे" म्हटलं असतं, तुम्ही सवयीनं थेंब घातले असते, ते चहा पिऊन 'आता बरं वाटेल' म्हणून पडून राहिले असते, आणि साखर खालीच गेली असती. जिभेला गोड लागलं तरी त्यातून ग्लुकोज मिळत नाही. हाच गुण पाच वेळा उपयोगी पडला, तोच सहाव्या वेळी जिवावर बेतला असता.

याच्याच जोडीची आणखी एक गोष्ट. मामांच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का, आज बघा. या गोळ्या आतड्यातली सुक्रेजसारखी एन्झाइम अडवून ठेवतात, म्हणजे साखर हळूहळू मोडावी. आपल्याकडे त्या एकत्रित गोळीत बऱ्याचदा असतात. त्या चालू असताना साखर घसरली तर खरी साखर किंवा गूळसुद्धा लवकर कामाला येत नाही, कारण ती मोडणारं एन्झाइमच अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोज पावडरच लागते, पाण्यात चहाचे तीन भरलेले चमचे, साधारण १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. घरात असा रुग्ण असलेल्या प्रत्येकानं पावडरीचा डबा कुठे आहे ते माहीत करून ठेवावं.

डॉक्टरांचीही फसगत झाली आहे. ते समजत होते, हा माणूस दहा चमचे साखर खाऊन ७.७ वर आहे. पुढच्या औषधाचा अंदाज त्यावरच बेतला जाणार. आता मामा टपरीवरच्या साखरेवर गेलेत, म्हणजे तेही गणित पुन्हा बदललं. पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगा. ते रागावतील, रागावू दे.

मामांशी बोलायचं कसं? तुमच्या पत्रातला एक शब्द मला टोचला : 'सुनेनं'. ठरवलं दोघींनी, घातलं दोघींनी, आणि शेजारी नाव निघालं एकटीचं. हे आपल्या घरांत नवीन नाही, पण चालवून घेऊ नका. बोलायला आत्या समोर हव्यात, आणि पहिलं वाक्य त्यांचं हवं : हे माझ्याही डोक्यातून निघालं होतं. नवऱ्यानंही बाजूला पेपर वाचत बसून चालणार नाही. मग तुम्ही म्हणा, मामा, आम्ही तुम्हाला न विचारता हे केलं, ते चुकलं. इथे थांबा. 'पण तुमच्याच भल्यासाठी' हे जोडलंत की माफी तिथेच वाया जाते. ज्या माणसानं आयुष्यभर मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखला, त्याच्या स्वतःच्या पोटात काय जातंय हे घरात त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं, हा त्यांचा खरा सल असणार. 'विष' हा त्यासाठी हाताशी सापडलेला शब्द आहे, असं मला वाटतं.

एन्झाइमची गोष्ट त्यांना त्या दिवशीच सांगू नका. दोन दिवस जाऊ द्या. मग पाना आणि नट, तेवढं पुरे.

आणि ग्लुकोमीटर त्यांच्या हातात द्या. यंत्र चालवणाऱ्याला आकडा दाखवणारी वस्तू आवडते, आणि आपला आकडा आपण काढला की दुसऱ्याचा संदेश फिका पडतो. टपरीचा साखरेचा चहा पिण्याआधी एकदा आणि दीड-दोन तासांनी एकदा, तसंच दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढ्याच खाण्यासोबत, थेंबांचा चहा घेऊन. वहीत तेच लिहोत. दोन-चारदा झालं की कुणी समजावण्याची गरज उरणार नाही. आणि थेंबांनीही त्यांचा आकडा चढताना दिसला, तर वर सांगितलेल्या 'काही जणां'मध्ये ते असू शकतात. मग थेंबही बंद करून डॉक्टरांशी बोलायचं. मी यात थेंबांची वकिली करत नाहीये.

टपरी बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे साखरेइतकीच चार माणसंही मिळतात. अडचण एवढीच की टपरीवर साखर पातेल्यातच उकळते, एकट्यासाठी बिनसाखरेचा मागणं अवघड. ओळखीचा टपरीवाला असेल तर काळा चहा वेगळा करून देतो. नसेल तर सौदा करा : टपरीवरचा एक, अर्धा कप, साखरेचा, त्यावर घरात कुणी बोलायचं नाही. उरलेले घरी, आणि त्यात काय घालायचं ते मामा ठरवणार. साखर हवी म्हणाले तर दोनऐवजी दीड चमचा, पंधरवड्यानं एक. जीभ हळूहळू जुळवून घेते, एकदम बदललं की बंड करते. थेंब वापरायचे ठरलं तर चहा कपात ओतल्यावर घाला, आणि बाटली ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. ॲस्पार्टेमची गोळी तर पातेल्यात कधीच टाकू नका, दुधासोबत उकळत राहिली की मोडते आणि गोडी जाते. सुक्रालोज चहाच्या उष्णतेला टिकतं, पण शंकरपाळी, नानकटाई अशा तळण्या-भाजण्यात वापरू नका. १२० अंशांच्या वर तापलं की त्यातून क्लोरीनयुक्त नको ते पदार्थ होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये दिला आहे.

नवऱ्याचा गूळ. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून हे मला सांगायला लागावं! उसाच्याच रसाचा गूळ, त्यातही बहुतांश सुक्रोजच, आणि तेच सुक्रेज त्याचेही तेच दोन तुकडे करतं. मधुमेह्याच्या रक्ताला रंगातला फरक कळत नाही. चव आवडते म्हणून महिन्यातून एखादा गुळाचा चहा घ्यावा, पथ्य म्हणून घेऊ नये.

एन्झाइमच्या गोळ्या आणल्या असतील तर परत करा. त्यांत साधारणपणे पिष्ट मोडणारं डायस्टेज, प्रथिनं मोडणारं पेप्सिन किंवा पपेन, कधी दुधासाठी लॅक्टेज असतं. यातलं एकही सुक्रालोजला हात लावत नाही, आणि ॲस्पार्टेमला मदतीची गरज नाही. शिवाय समजा, सुक्रालोज मोडणारं एन्झाइम कुणी खरंच गोळीत भरलं, तर ते मोडून मिळणार काय? क्लोरीन लागलेले साखरेचे तुकडे, पोटात मोकळे. न मोडता बाहेर जातंय, तेच बरं आहे.

'शुगर-फ्री' बिस्किटांचा पुडा घरात असेल, असा माझा अंदाज आहे, बहुतेक घरांत असतो. त्यातला मैदा साखरेविनाच ग्लुकोज होतो. लाळेतलं आणि स्वादुपिंडाचं अमायलेज त्याला लावलेलंच असतं. गोडीसाठी माल्टिटॉल घातलं असेल, तर तेही आतड्यात काही अंशी मोडून ग्लुकोज देतं, आणि जास्त झालं तर पोट बिघडवतं. थेंबांवर एवढा खल झाला, पुड्याकडे कुणी बघितलं नसावं.

मुलाला डाएट कोला नको. त्याला मधुमेह नाही, त्याच्या साखरेऐवजी काही घालायची गरजच नाही, आणि लेबल नीट वाचलंत तर मुलांसाठी नसल्याची सूचना तिथे सापडेल. साधा कोलाही नको, हे ओघानं आलं. लेबलवर फिनाइलकीटोन्युरियाची एक ओळ असते, ती जन्मतः फिनाइलॲलनिन हाताळणारं एन्झाइम नसलेल्या मोजक्या मुलांसाठी. त्यांना ॲस्पार्टेम खरोखरच वर्ज्य आहे. 'एन्झाइम नाही' हे वाक्य जिथे शब्दशः धोक्याचं आहे अशी ही जागा. तो आजार असता तर तुम्हाला लहानपणीच कळलं असतं.

नणंदबाईंशी भांडू नका. वडिलांच्या काळजीनंच त्यांनी वाचून दाखवलं, वेळ आणि जागा तेवढी चुकली. त्यांना ग्लुकोमीटरच्या वहीचे फोटो पाठवत जा आणि पुढच्या तपासणीला मामांसोबत त्यांनाच जाऊ दे, डॉक्टरांना प्रश्न त्यांनीच विचारावेत. आणि मामा टपरीवर जातात तोवर टपरीवाल्याच्या कानावर एक गोष्ट घालून ठेवा. मामांना घाम फुटला, बोलणं अडखळलं, तर आधी ग्लुकोजचं पाणी द्यायचं आणि मग तुम्हाला फोन करायचा. पावडरीचा लहान पुडा आणि तुमचा नंबर त्याच्या गल्ल्यात ठेवायला द्या, अर्थात मामांना विचारून.